मालवणचे डायव्हर आणि मराठी विकिपीडिया: आठ महिन्यांनंतर

पहिलं संपादन मीच उलटवलं.

जूनमध्ये समुद्र खवळतो, मालवणातलं डायव्हिंग बंद होतं आणि बोटीवरची मुलं रिकामी होतात. त्यातल्या पाच जणांना मराठी विकिपीडियावर स्कूबाबद्दल लिहायला बसवायचं, असा माझा बेत होता. तीन वर्षांपूर्वी चाळिशी उलटल्यावर मला पाण्याखाली श्वास घ्यायला यांनीच शिकवलं होतं. खाती उघडून दिली, चार गोष्टी सांगितल्या आणि मी पुण्याला परतले. आठवड्याभरात एकाने एका लेखातलं 'ऑक्सिजन सिलिंडर' खोडून 'हवेचा सिलिंडर' केलं. ना संदर्भ, ना बदलाचा सारांश. मी 'अलीकडील बदल' ही ताज्या संपादनांची यादी चाळत होते, सदस्यनाव लक्षात आलं नाही आणि सवयीने बदल उलटवून टाकला.

रात्री फोन. "ताई, ते सिलिंडर रोज मीच भरतंय. त्यात ऑक्सिजन खंय असता? हवा आसा ती, साधी हवा!"

तो बरोबरच होता. हौशी डायव्हिंगच्या सिलिंडरमध्ये बहुतेक वेळा गाळून कोरडी केलेली साधी हवाच दाबून भरतात. त्यात सुमारे २१ टक्के ऑक्सिजन, बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन घेऊन कोणी सहा मीटरच्या बरंच खाली गेला, तर झटके येऊन बुडायची भीती. पण बातम्यांमध्ये सर्रास 'ऑक्सिजन सिलिंडर'च छापून येतं. म्हणजे संदर्भ होता तो चुकीचा, आणि ज्याला ठाऊक होतं त्याच्याकडे संदर्भ नव्हता. मी माफी मागितली. मग अमेरिकी नौदलाचं डायव्हिंग मॅन्युअल, जे जालावर फुकट मिळतं, ते उघडून आम्ही व्हिडिओ कॉलवर पान शोधलं. वाक्य त्यानेच लिहिलं, तळटीप कशी घालायची ते मी दाखवलं. ते वाक्य अजून जागेवर आहे.

त्यानंतर मी दर महिन्याला दोन दिवस मालवणात जाऊन शेजारी बसायला लागले. फोनवरून 'असं करा, तसं करा' सांगून कोणी संपादक होत नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं.

विकिपीडियाच्या साधनांपैकी सगळ्यात उपयोगी धूळपाटी, म्हणजे सरावाचं पान. नावच असं की माणूस बिचकत नाही. पुसलं की झालं. फक्त ती खासगी वही नाही, हे आधीच सांगा. एकाने सरावासाठी म्हणून आपलं दरपत्रक टाकलं, मोबाइल नंबरासकट. पुसलं, तरी पानाच्या इतिहासात नंबर राहिलाच. शेवटी प्रचालकांना, म्हणजे जादा अधिकार असलेल्या संपादकांना, विनंती करून ती आवृत्ती झाकून घ्यावी लागली. जाहिरात का चालत नाही यावर तासभर वाद झाला तो वेगळाच. "फुकट लिहितंव, मग नाव कित्याक नको?" याला माझ्याकडे झटपट उत्तर नव्हतं.

यथादृश्य संपादक, म्हणजे लेख दिसतो तसाच बदलता येणारं साधन, मोबाइलवरही जमतो. चर्चापानावर उत्तराचं बटण दाबून लिहिलं की सही आपोआप पडते, त्यामुळे सहीसाठी चार लाटा (~~~~) टाकायचा जुना पाठ आता द्यावा लागत नाही.

भाषांतराचं साधन मात्र नवख्याच्या हातात लगेच देऊ नये. यंत्राने इंग्रजी लेखाचं मराठी केलं की 'रेग्युलेटर'चा (सिलिंडरमधली हवा श्वासाला योग्य दाबाने देणाऱ्या यंत्राचा) 'नियामक' होतो आणि वाचणाऱ्याला वीजदर आठवतात. 'डायव्हर' हिंदीतून 'गोताखोर' बनून येतो. मराठीत 'पाणबुड्या' म्हणावं, तर 'पाणबुड्या किनाऱ्यावर आल्या' या वाक्यात नौदल अवतरतं. बोटीवर जे बोलतात तेच लिहायचं, असं शेवटी ठरवलं: रेग्युलेटर, बीसीडी (पाण्यात तरंगणं सांभाळणारं जाकीट), फिन्स (पायात घालायचे पंख), डायव्हर. यंत्राचा मजकूर फारसा न बदलता पुढे सरकलं तर साधन टोकतं, ही त्यातली चांगली गोष्ट. एवढं करूनही पहिला भाषांतरित लेख मी अर्ध्याहून अधिक पुन्हा लिहायला लावला.

या मुलांची आणखी एक खोड म्हणजे सूचना देणं. धंदाच तो. 'श्वास रोखू नका!' असं ठळक अक्षरात, वर तीन उद्गारचिन्हं. विश्वकोश म्हणजे प्रशिक्षणाची पुस्तिका नव्हे, हे सांगून पटत नाही. करून दाखवलं की पटतं. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तिथे भरून घेतलेला श्वास रोखून वर आलं तर हवा फुगून दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुसं फाटू शकतात. एवढं लिहिल्यावर ती सूचना लिहिणाऱ्याने स्वतःच उद्गारचिन्हं काढली. "ह्या वाचून कोणीच रोखूचो नाय," म्हणाला.

एक गोष्ट सुटली नाही आणि ती मला अजून टोचते. त्यातल्या एकाचे काका जन्मभर मासेमारी केलेले. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांची नावं त्यांनी एका बैठकीत बोटांवर मोजून सांगितली. कुठल्या खडकाजवळ जाळं अडकतं, तेही. यातलं काहीच कुठे छापलेलं नाही, म्हणून विश्वकोशात जात नाही. विजयदुर्गापासून समुद्रात शंभरेक किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँक या पाण्याखालच्या प्रवाळी पठारावर लिहायला हवे तेवढे संदर्भ मिळतात, दारातल्या खडकांवर मिळत नाहीत. नियम मला मान्य आहे. तरी नावं मी वहीत उतरवून ठेवली आहेत.

फोटोंचं सोपं, असं वाटलं होतं. पण कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त फोटोंच्या साठ्यावर, चढवलेला फोटो श्रेय देऊन कोणीही वापरू शकतो, धंद्यासाठीसुद्धा, हे कळल्यावर एकाने सरळ नकार दिला. "म्हणजे शेजारचो आपल्या बोर्डावर लावतलो." रास्त आहे. मी आग्रह केला नाही. दुसऱ्याने प्रवाळांचे सहा फोटो दिले आणि त्यातले दोन लेखांत लागलेही.

सप्टेंबरात हंगाम सुरू झाला आणि पाचांतले तिघं गळले. या सगळ्या प्रयोगाला मी पाचपैकी साडेतीन तारे देते. साधनांना चार दिले असते, पण त्यांच्या भरवशावर मी पहिले काही आठवडे पुण्यात बसून राहिले, त्याचा अर्धा कापला. पुन्हा कोणाला बसवायचं झालं तर नवा लेख लिहायला सांगणार नाही. असलेल्या लेखातला एकच शब्द दुरुस्त करा, म्हणेन, आणि शेजारी बसेन.

गेल्या आठवड्यात सिलिंडरवाल्याचा मेसेज आला, सोबत स्क्रीनशॉट. कोणा अनोळखी संपादकाने त्याच्या एका बदलासाठी 'धन्यवाद'चं बटण दाबलं होतं. खाली त्याने लिहिलं होतं, "ताई, ह्यो कोण? माका वळखता काय?"