डेव्हिल्स क्लॉ: काढा की गोळी?

आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या कलाहारी वाळवंटाच्या लाल वाळूत पसरणाऱ्या या वेलीच्या फळाला आकडे असतात, जनावरांच्या पायात रुतणारे. डेव्हिल्स क्लॉ, म्हणजे सैतानाचा पंजा, हे नाव त्यावरूनच पडलं. औषधी असतात ते जमिनीखालचे कंद. तिथले मूळ रहिवासी सान लोक मधलं मूळ तसंच ठेवून बाजूचे कंद काढतात, चकत्या करून वाळवतात आणि ताप, पोटदुखी, अंगदुखीवर उकळून पितात. काढा साधा, पण कडू असा की काडेचिराईत गोड वाटावं! भूक लागायला तो कडूपणाच कामाचा. कंबरदुखी, सांधेदुखीला मात्र मी गोळीच निवडेन. जर्मनीत ती चांगली रुळली आहे आणि बऱ्याच गोळ्यांत हार्पागोसाइड या कंदातल्या औषधी घटकाचं प्रमाण ठरलेलं असतं. काढ्यात ते कोण मोजणार? अल्सर किंवा पित्ताशयात खडे असतील तर दोन्ही नकोत.