७२ तासांत ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट देणाऱ्यांपासून सावध राहा

६६,३०० रुपये. तपासणीचे ७,८००, ‘कोर्स’चे ३६,५०० आणि नव्या गाठी आल्यावर ‘दुसऱ्या टप्प्या’चे २२,०००. तिन्ही वेळा मीच भरले. पण पैशांपेक्षा वाया गेलेले अकरा आठवडे जास्त जाळतात.

माझं किडनी प्रत्यारोपण झालंय. किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवलेली. कोपरावर आणि घोट्याजवळ लाल-जांभळ्या गाठी आल्या, फुटल्या, साध्या अँटिबायोटिकला दाद देईनात. डॉक्टरांना मायकोबॅक्टेरियाचा संशय आला. हे टीबीच्या जंतूचे भाऊबंद, पण यातले काही वाढायला फार वेळ घेतात. बायोप्सी करू, कल्चरला, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघायला, सहा ते आठ आठवडे लागतील, असं त्यांनी सांगितलं. वर्षानुवर्षं डायलिसिस सोसलेल्या माणसाला ‘आणखी आठ आठवडे थांबा’ हे ऐकवत नाही हो! त्याच रात्री ७२ तासांत रिपोर्ट देणारा तो माणूस ऑनलाइन भेटला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे: गोड बोलणं, बऱ्या झालेल्यांचे फोटो, ‘आजच भरा’.

घरी कापसाची काडी आली. जखमेवरचा पू टिपून पाठवला. रिपोर्टवर बारकोड, शिक्का, सही. ‘तापमान ३७ अंश. कालावधी ७२ तास. मायकोबॅक्टेरिया आढळले नाहीत.’ ही प्रिंट मी फाइलमध्ये लावली, तेव्हा शेजारीच डॉक्टरांची चिठ्ठी होती. निळ्या शाईत, खाली रेघ मारून: ‘३० अंशालाही लावावे, ८ आठवडे.’ दोन्ही कागद एकाच वेळी डोळ्यांसमोर होते. वाचले, आणि फाइल मिटली. तो क्षण अजून झोपू देत नाही.

माझ्या गाठीत शेवटी मायकोबॅक्टेरियम हीमोफिलम निघाला. १९७८ साली इस्रायलमध्ये हॉजकिन्स या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या त्वचेत त्याची पहिली नोंद झाली. त्याला ३० ते ३२ अंशांची ऊब लागते, शिवाय रक्तातलं लोह लागतं. म्हणून तर तो कोपर, घोटे अशा थंड जागी बसतो. टीबीचे जंतू वाढवायच्या नेहमीच्या माध्यमात, ३७ अंशांवर तो वर्षभर ठेवला तरी उगवणार नाही. तिथे ७२ तास काय पुरणार? पू टिपलेल्या काडीवरही भरवसा ठेवता येत नाही, त्यापेक्षा ऊतीचा तुकडा चांगला. आणि कल्चरचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवायच्या रसायनात) टाकू देऊ नका, जंतू मरतात.

‘कोर्स’ म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवायची पूड आणि बिनलेबलचं मलम. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला प्रतिकारशक्ती वाढवायचं औषध! मलमाने लाली दोन दिवसांत उतरली, म्हणून मी दुसरा टप्पा घेतला. कुणीही घेतला असता. त्यात स्टेरॉइड असणार, असं डॉक्टर म्हणाल्या. लाली दबली, जंतूला रान मोकळं.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलिस म्हणाले, पैसे तुम्ही स्वखुशीने दिलेत. बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकलात. औषध खात्याला लेबल हवं, आणि लेबल नाही हाच तर माझा मुद्दा होता! डॉक्टरांच्या परिषदेने कळवलं, तो नोंदणीकृत डॉक्टर नसल्याने कारवाई आमच्या कक्षेत येत नाही. म्हणजे डॉक्टर असता तर पकडला असता, भोंदू आहे म्हणून सुटला? चार दारं, चार अर्ज, प्रत्येक ठिकाणी त्याच रिपोर्टची नवी प्रत. माझी जखम उघडून बघायला मात्र कुणी तयार नव्हतं.

आता योग्य औषधं चालू आहेत, एकापेक्षा जास्त आणि कित्येक महिने. दुसऱ्याची चिठ्ठी बघून यातलं काहीही घेऊ नका. टॅक्रोलिमस म्हणजे किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने त्याची रक्तातली पातळी चढते, रिफॅम्पिसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकने कोसळते, आणि दोन्हीकडून किडनीच धोक्यात येते. माझी पातळी सतत तपासावी लागते.

गेल्या आठवड्यात त्याची नवी जाहिरात दिसली. ‘पूर्ण बरे’ म्हणून लावलेल्या फोटोत माझं डावं कोपर आहे. लाली उतरली तेव्हा आनंदाने मीच पाठवला होता. त्याच कोपरावर आज सकाळी मी पट्टी बदलली.