कोकणातल्या घरात लाकडी जमीन: कुठल्या खोलीला काय चालेल

दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "सागवान दाखवू की ओक?" घर कोकणात असेल तर त्याआधी दोन गोष्टी ठरवून जा. खोली तळमजल्यावर आहे की माडीवर? आणि पावसाळ्यात घर नांदतं असतं की कुलूपबंद? एवढं ठरलं की निम्मे पर्याय तिथेच गळतात.

लाकूड हवेतला ओलावा पितं आणि रुंदीत फुगतं. लांबीत जवळजवळ नाही. मे महिन्यात 12 टक्के ओलावा असलेली फळी, जुलैत हवेतली आर्द्रता 85-90 टक्क्यांवर जाऊन तिथेच ठाण मांडून बसली की 18 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. चार इंच रुंद सागाच्या फळीत त्याची वाढ होते साधारण मिलिमीटरभर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दहा फुटांच्या खोलीत अशा तीस फळ्या बसतात, म्हणजे झाला की सव्वा इंच! भिंतीलगत स्कर्टिंगखाली सोडलेली 10-12 मिमीची फट त्याला कुठे पुरणार? मग फळ्यांच्या कडा पापडासारख्या वर येतात, नाहीतर खोलीच्या मधोमध जमीन उचलते. आणि हे गणित सागाचं, जो कमी हलतो म्हणून नावाजलेला आहे. पांढरा ओक जवळपास दुप्पट हलतो. कॅटलॉगमध्ये कितीही देखणा दिसो, वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीत भरीव, म्हणजे अख्ख्या लाकडाच्या फळीचा, ओक मी कुणाला सुचवणार नाही.

जुन्या घरांत लाकडी जमीन असायची ती माडीला: तुळया आणि त्यांवर ठोकलेल्या फळ्या. खाली माजघराला सारवण, पुढे कोबा. माडीच्या फळ्यांना वरून-खालून दोन्हीकडून हवा लागायची आणि फुगायला मधे फटी असायच्या. (त्या फटींतून खालच्या जेवणाऱ्यांच्या ताटात केर पडायचा, हा भाग वेगळा.)

त्यामुळे माडीवरची झोपायची खोली हीच खऱ्या लाकडाची जागा. घरात वर्षभर माणसं असतील आणि खिशाला झेपत असेल तर सागवान घ्या, पण अरुंद पट्टीचं. तीन-चार इंचांपलीकडे जाऊ नका. गाभ्याचं लाकूड मागा. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात सालीकडचा पांढरट भाग जास्त असतो आणि वाळवी आधी तिथेच लागते. समुद्र जवळ असेल तर साधे खिळे गंजून लाकडावर काळे डाग पडतात, म्हणून स्क्रू स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी घ्या.

सागवान परवडत नसेल तर त्याच खोलीला इंजिनिअर्ड लाकूड. वर खऱ्या लाकडाचा पातळ थर, खाली आडवे-उभे चिकटवलेले प्लायचे थर. ते एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे हालचाल बरीच कमी. इथे भाव विचारण्याआधी वरच्या थराची जाडी विचारा. तीन मिमी किंवा जास्त असेल तर पुढे घासून पुन्हा पॉलिश करता येतं. अर्धा-पाऊण मिमीचा असेल तर ओरखडे उठल्यावर पट्टीच बदलायची. मला विचाराल तर कोकणात रोजच्या वापराच्या घरासाठी जाड थराचं इंजिनिअर्ड सागवान हा सगळ्यांत समतोल सौदा आहे.

तळमजल्यावर मात्र हात आखडता घ्या. जांभ्याच्या चिऱ्याला छिद्रं असतात. जोत्याला ओलरोधक थर नसेल तर जमिनीतली ओल वर चढत राहते. दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद जमिनीवर चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस-रात्र ठेवा, तेही भर पावसात. खालून थेंब धरले किंवा कोबा काळवंडला तर लाकडाचा विषय बंद. कोरडा राहिला तर खाली जाड पॉलिथिन अंथरून इंजिनिअर्ड चालेल, आणि त्याआधी वाळवीप्रतिबंधक फवारणी हवीच.

पण गणपतीत तळमजल्यावरच्या हॉलमध्ये काय चालतं तेही आठवा. आरतीला आळीतली सगळी माणसं, ओल्या छत्र्या, पायांना चिखल, समईचं तेल. मुलं समुद्रावरून आली की पायांची वाळू पॉलिश घासून काढते. म्हणून हॉलला माझं मत एसपीसीला. दगडाची भुकटी आणि पीव्हीसी मिळून केलेली ही पट्टी पाण्याने फुगत नाही, वाळवीला तिच्यात खायला काही नसतं. लाकूड नाही, लाकडाचं चित्र आहे, हे मान्य करूनच घ्यायची. पावलाला जरा कडक लागते आणि खालची जमीन सपाट नसेल तर सांधे उचकटतात.

एसपीसीच्याच भावाच्या आसपास लॅमिनेटही मिळतं आणि दुकानदार तेच पुढे करतो. त्यावर एसी4, एसी5 असे आकडे असतात, ते वरचा थर किती घासला जाईल याचे. पाण्याशी त्यांचा संबंध नाही. आत दाबलेल्या लाकडी भुश्शाचा बोर्ड असतो. सांध्यातून पाणी शिरलं की कडा फुगतात आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाहीत. मुंबईच्या फ्लॅटमध्ये टिकलं म्हणून देवगडात टिकेल असं धरू नका.

स्वयंपाकघर, न्हाणीघर, पडवी इथे लाकूड नको. टाईल्स किंवा कोटा घाला आणि मोकळे व्हा. पडवीवर तर झडीचं पाणी येणारच.

देवघर लहान असतं, तिथे हौस भागवता येते. फणसाचं लाकूड गावात मिळतं, आधी पिवळंजर्द असतं आणि पुढे तांबूस-तपकिरी होत जातं. सगळी जमीन करण्यापेक्षा फणसाचा उंच चौथरा करून घ्या, म्हणजे अभिषेकाचं पाणी खाली टाईल्सवर राहील.

आता चाकरमान्यांचं घर, शिमगा, मे महिना आणि गणपती सोडून बंद असलेलं. दारं-खिडक्या लावलेल्या, आत कोंदट हवा, भिंतींना बुरशी. अशा घरात भरीव लाकूड तर नाहीच, इंजिनिअर्डही फक्त माडीवर, आणि तेही शेजारचं कुणी आठवड्याला येऊन खिडक्या उघडणार असेल तरच. तशी सोय नसेल तर सगळीकडे एसपीसी, किंवा सरळ लाल कोबा. तो दिसतोही छान.

काम दिवाळीनंतर काढा. नव्या कोब्याला वाळायला इंचामागे महिना लागतो, तेवढा थांबा. पट्ट्या आणल्यावर खोके उघडून आठवडाभर त्याच खोलीत ठेवा आणि सुताराकडे ओलावा मोजायचं मीटर आहे का ते विचारा. खोकंभर पट्ट्या जास्तीच्या घ्या, पुढे तीच छटा पुन्हा मिळत नाही.