आकाश छान आलं, पण बाबा काळे पडले: स्नॅपसीडचा माझा अनुभव

३१ मे २०२४, हर्णै बंदर. दुसऱ्या दिवसापासून मासेमारी बंद होणार होती आणि नाखवा म्हणून बाबांचा तो शेवटचा हंगाम. पुढे बोट दादाच्या हाती जाणार होती. सात वाजले, सूर्य सुवर्णदुर्गाच्या अंगाला उतरला, ढग केशरी झाले, आणि बोटीला टेकून उभ्या असलेल्या बाबांचा मी फोटो काढला. आकाश अप्रतिम आलं. बाबा मात्र कोळशासारखे काळे. नुसती आकृती सुंदर दिसते असं कुणी म्हणेल, पण मला बाबांचा चेहरा हवा होता.

तो चेहरा मला स्नॅपसीड या फोटो सुधारण्याच्या अॅपने परत मिळवून दिला, म्हणून हे लिहिते आहे. हे अॅप २०११ सालचं, निक सॉफ्टवेअरने काढलेलं. २०१२ मध्ये गूगलने ती कंपनी घेतली आणि अॅप फुकट झालं. जाहिराती नाहीत. माझ्या अँड्रॉइड फोनवर जुनी मांडणी आहे. नव्या आवृत्तीत बटणं इकडेतिकडे असतील, काम तेच.

एक गोष्ट मात्र फोटो काढतानाच करावी लागते. स्क्रीनवर बोट ठेवायचं ते उजळ आकाशावर, माणसावर नाही, म्हणजे फोन उजेडाचा हिशेब आकाशावरून धरतो. माणूस काळा पडतो, पडू दे. अंधारात थोडाफार तपशील शिल्लक असतो, तो वर काढता येतो. जळून पांढरं झालेलं आकाश कुठल्याच अॅपने परत येत नाही. फोनमध्ये रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढायची सोय असेल तर जरूर वापरा. नेहमीच्या जेपीजी फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या असतात, त्यातल्या अंधाराच्या वाट्याला फार थोड्या येतात, आणि ओढून वर काढल्या की दाणे, म्हणजे खरखरीत ठिपके, दिसू लागतात. स्नॅपसीड रॉची डीएनजी फाइल उघडतं.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांसारखंच केलं. ट्यून इमेज या साधनात शॅडोज (अंधारे भाग उजळवणारी पट्टी) आणि अॅम्बियन्स (उजेड-अंधाराचा एकूण तोल बदलणारी) शेवटपर्यंत ओढले. बाबा दिसले, पण संध्याकाळ गेली. आकाश फिकं, समुद्र राखाडी. मग एचडीआर स्केप हे फिल्टर लावून पाहिलं, तर डोक्याभोवती पांढरी कड उमटली. ते फिल्टर अशा फोटोंना लावूच नका.

खरी किमया आहे व्ह्यू एडिट्समध्ये, म्हणजे केलेल्या बदलांच्या यादीत, आणि ती बऱ्याच जणांना माहीतच नसते. ट्यून इमेजमध्ये शॅडोज ६० आणि ब्राइटनेस २० करून बरोबरच्या खुणेवर टॅप केलं. मग व्ह्यू एडिट्स उघडून त्याच बदलावर टॅप केलं की कुंचल्याचं चिन्ह येतं. ते निवडलं की तो बदल पूर्ण फोटोवरून निघतो आणि तुम्ही जिथे बोट फिरवाल तिथेच लागतो. कुंचल्याची ताकद ०, २५, ५०, ७५, १००. मी गालावर, कपाळावर ७५ ठेवली, सदऱ्यावर ५०, कानाच्या आणि केसांच्या कडेला २५. कड बाहेर गेली तर ० करून पुसायची. फोटो मोठा करून घेतला की कुंचला तेवढा बारीक चालतो. बाबांच्या कपाळावरच्या आठ्यांपर्यंत पोहोचायला मला पाऊण तास लागला, आणि तो मला मुळीच जास्त वाटला नाही.

आता रंग. उजळलेला चेहरा निळसर दिसायला लागला. त्याचं कारण असं की सूर्य पाठीशी असताना चेहऱ्यावर पडतो तो पूर्वेकडच्या निळ्या आकाशाचा उजेड. व्हाइट बॅलन्समध्ये (रंगांचा निळा-पिवळा तोल बदलणारं साधन) थोडी ऊब, म्हणजे पिवळसर छटा, वाढवली आणि तीही याच पद्धतीने फक्त चेहऱ्यावर लावली. इथे हात आखडता घ्या. त्या वेळी डोळ्यांना चेहरा जेवढा दिसत होता तेवढाच दिसला पाहिजे. नाहीतर दुपारच्या उन्हातला चेहरा संध्याकाळच्या आकाशापुढे चिकटवल्यासारखा वाटतो.

बोटीवर आईचं नाव आहे, पिवळ्या रंगात, निळ्या फळीवर. मूळ फोटोत ते अंधारात बुडालं होतं. तिथे सिलेक्टिव्ह हे साधन वापरलं. अक्षरावर टॅप करून बिंदू ठेवायचा, दोन बोटांनी त्याचा घेर लहान करायचा, लाल रंगात दिसतं की परिणाम कुठवर आहे. हे साधन जवळपासचा तसाच रंग ओळखून तेवढाच उजळवतं, त्यामुळे पिवळी अक्षरं वर आली आणि फळी जवळजवळ तशीच राहिली. ब्राइटनेस ३० पुरला.

उणं काय ते सांगते. सगळं बोटाने करायचं, त्यामुळे दूरवरची छोटी माणसं रंगवणं जिकिरीचं. दाणे कमी करण्याचं साधन माझ्या आवृत्तीत नाही. डिटेल्समध्ये स्ट्रक्चर आणि शार्पनिंग (बारकावे आणि कडा ठळक करणाऱ्या पट्ट्या) आहे, ते अंधाऱ्या भागावर लावलं तर दाणे वाढतातच. गटाचा फोटो, दहा-बारा चेहरे असतील तर संगणकावरच बसा. एकदोघांच्या फोटोसाठी मी याला पाचपैकी साडेचार देईन.

प्रिंटचंही ऐकून ठेवा. पहिली प्रिंट आली तेव्हा मला रडू आलं. लॅबच्या मशीनने आपोआप रंग सुधारून केशरी आकाश पांढुरकं केलं होतं, आणि बाबा पुन्हा काळपट. मशीनची चूक होतीच, पण फोनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून मी काम केलं होतं, ही माझी. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. फोनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून चेहरा आणखी थोडा वर घेतला (बदल साठवलेला असल्याने सगळं पुन्हा करावं लागलं नाही), आणि लॅबवाल्या दादांना सांगितलं, ‘करेक्शन अजिबात करू नका, आहे तशी काढा.’

दुसरी प्रिंट बाबांनी दाराशी उजेडात नेऊन पाहिली. आधी आईचं नाव वाचलं, मग स्वतःकडे पाहिलं. म्हणाले, ‘अजून एक काढ, बोटीवर लावू.’ दादाने ती लॅमिनेट करून केबिनमध्ये लावली आहे.