प्लायनी, टू हार्टेड, हेडी टॉपर की आपली साधी पेल एल?

भाचा पुण्याहून शिकागोला नोकरीला आला आणि पहिल्याच शनिवारी दुकानातून त्याचा फोन. "मामा, इथे अख्खी भिंत बिअरची आहे. नेमकं काय उचलू?" पुण्यात त्याने मायक्रोब्रुअरीतली गव्हाची बिअर बऱ्याचदा घेतलेली, आयपीए (इंडिया पेल एल, म्हणजे जास्त हॉप्सची कडवट बिअर) एकदाच, आणि ती त्याला काढ्यासारखी लागलेली. खरं तर एक नाव सांगून मी फोन ठेवायला हवा होता. पण डेट्रॉइटजवळ पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो. पाऊण तास बोललो. काही मदत हवी का, असं दुकानदाराने त्याला मध्ये दोनदा विचारलं म्हणे. तेच बोलणं इथे जरा नीट मांडतो.

आमच्या मित्रमंडळात वाद फिरून फिरून चार नावांवर येतो: सिएरा नेव्हाडा पेल एल, बेल्सची टू हार्टेड, रशियन रिव्हरची प्लायनी द एल्डर आणि व्हर्माँटची हेडी टॉपर. चारही एल, म्हणजे जरा उबेत आंबवलेल्या बिअर, आणि चौघींचा जीव हॉप्समध्ये. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी बोंडं. कडवटपणा आणि वास दोन्ही त्यांचंच देणं. मोड आणून भाजलेल्या सातूचा, म्हणजे मॉल्टचा, गोडवा खाली आणि हॉप्स वर, असा हा संसार. काढा उकळताना जे होतं तेच इथेही होतं. बोंडं बराच वेळ उकळली की कडू अर्क उतरतो, शेवटी शेवटी टाकली की वास राहतो. म्हणून "कडू आहे का?" हा प्रश्न अर्धाच. पपनसाची साल सोलताना हाताला येतो तो वास आवडतो का, हे आधी स्वतःला विचारा. आवडत असेल तर अमेरिकन एल तुमच्यासाठी आहे.

हा पपनसाचा वास आला कॅस्केड नावाच्या हॉप्समधून. ऑरेगनमध्ये तयार झालेलं हे वाण 1972 साली शेतकऱ्यांच्या हाती पडलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने ते 1975 च्या लिबर्टी एलमध्ये वापरलं. 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरी बिअर बनवण्यावरची केंद्राची बंदी उठवणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि गॅरेजात भांडी मांडून बसलेल्या हौशी लोकांचं चोरून चाललेलं काम उजळ माथ्याने सुरू झालं. सिएरा नेव्हाडाचे केन ग्रॉसमन त्यांतलेच. कॅलिफोर्नियातल्या चिको गावात त्यांनी दूध डेअरीची जुनी भांडी गोळा करून ब्रुअरी उभारली आणि 1980 मध्ये बिअर काढायला सुरुवात केली. मनासारखी चव येईना म्हणून पेल एलच्या सुरुवातीच्या कित्येक खेपा त्यांनी गटारात ओतल्या.

ही पेल एल 5.6 टक्क्यांची. हिरवं लेबल, तपकिरी बाटली, तळाशी यीस्टचा बारीक गाळ. ग्लास तिरका धरून हळू ओतली तर गाळ खाली राहतो आणि रंग मधासारखा दिसतो. पहिल्या घोटाला साल, मग भाजलेल्या पावाची गोडी, शेवटी जिभेच्या मुळाशी स्वच्छ कडू. आमच्यातले दर्दी तिच्याकडे आता बघतसुद्धा नाहीत, कारण ती किराणा दुकानातही मिळते. मला हा अन्याय वाटतो. वरणभाताची किंमत परगावी कळते, तसं आहे हे.

टू हार्टेडबद्दल बोलताना मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. ती आमच्या मिशिगनची. लॅरी बेल यांनी कॅलमझूमध्ये 15 गॅलनच्या, म्हणजे साधारण 57 लिटरच्या, सूप करायच्या पातेल्यात सुरुवात केली आणि 1985 मध्ये पहिली बिअर विकली. टू हार्टेड हे राज्याच्या उत्तरेकडच्या एका नदीचं नाव, म्हणून लेबलवर ट्राउट मासा. 7 टक्के, आणि हॉप्स एकाच जातीचे: सेंटेनियल. तिची खरी करामत इथेच आहे. बाकीचे लोक चार-पाच जाती मिसळतात. ही एकाच वाणावर पपनस, देवदाराचा चीक आणि फुलांचा वास असं सगळं उभं करते. शिवाय मॉल्टचा गोडवा पुरेसा असल्यामुळे कडवटपणा अंगावर येत नाही. काढा-काढा म्हणणाऱ्याला आयपीएकडे वळवायचं तर याच दाराने आत घ्यावं.

प्लायनी द एल्डर मात्र दार वाजवत नाही, सरळ आत येते. 8 टक्क्यांची डबल आयपीए, म्हणजे हॉप्स आणि दारू दोन्ही जास्त असलेली आयपीए. नाव रोमन पंडिताचं. हॉप्सचा जुना उल्लेख त्याच्या लिखाणात आहे असं मानतात. हा प्रकार जन्मला त्याची गोष्ट मजेशीर आहे. विनी सिलर्झो 1994 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला गावात ब्लाइंड पिग नावाची ब्रुअरी चालवत होते. सामान जुनं, चव बिघडण्याची धास्ती, म्हणून पहिल्याच खेपेत त्यांनी हॉप्स सढळ हाताने ओतले, दोष झाकायला. पुढे त्यातूनच डबल आयपीए आली. ते आणि त्यांची पत्नी नॅटली आता सँटा रोझाला रशियन रिव्हर चालवतात. प्लायनी इतकी कडू असूनही अंगाने सुटसुटीत आहे. गोड चिकटपणा नाही, घोट गिळल्यावर तोंड कोरडं होतं आणि हात आपोआप परत ग्लासकडे जातो. ही तिची खुबी, आणि धोकाही.

घरी बिअर बनवणाऱ्यांच्या अमेरिकन संघटनेचं झायमर्जी नावाचं मासिक आहे. त्याच्या वाचकांनी 2009 ते 2016 सलग आठ वर्षं प्लायनीला पहिला नंबर दिला आणि 2017 ते 2020 टू हार्टेडला. आमचा वाद त्यामुळे मिटला नाही, दोन्ही बाजूंना पुरावा मिळाला.

म्हणून मागच्या दिवाळीत आम्ही डोळे बांधून चाखायचं ठरवलं. म्हणजे डोळे उघडेच, पण बाटल्या स्वयंपाकघरात आणि काचेच्या पेल्यांच्या बुडाला चिकटपट्टी. (स्टीलचे पेले बाद. रंगही दिसत नाही आणि धातूचा वास नाकात जातो.) सॅन होजेचे आमचे मेहुणे टॉवेलमध्ये गुंडाळून प्लायनीच्या दोन बाटल्या सामानातून घेऊन आले होते, कॅलिफोर्नियाबाहेर ती सहजी मिळत नाही. त्यांनी प्लायनी आणि टू हार्टेडचे दोन्ही पेले हुंगले, एक घोट घेतला आणि छातीठोकपणे दुसरा पेला उचलून "ही आपली प्लायनी" म्हणाले. बायकोने पेला उलटा धरून पट्टी वाचली. टू हार्टेड. मी फार हसलो नाही, कारण माझा अंदाज पेल एलच्या बाबतीत चुकला होता.

हेडी टॉपरचं घराणंच वेगळं. जॉन किमिच यांनी वॉटरबरीच्या आपल्या पबात ती बनवली. 2011 च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाच्या पुरात तो पब गेला. त्याच आठवड्यात त्यांच्या नव्या कारखान्यातून हेडीचे पहिले कॅन बाहेर पडले. गाळलेली नाही, त्यामुळे गढूळ. कॅनमधूनच प्या, असं कॅनवर लिहिलेलं. आंबा, पीच, अननस अशा पिकलेल्या फळांचा वास. आज दुकानात ज्या "हेझी", म्हणजे गढूळ, आयपीए दिसतात, त्या बहुतेक याच वाटेने आल्या. कडवटपणा नको पण वास हवा असणाऱ्यांना ही वाट सोपी, आणि आंब्यावर वाढलेल्या माणसांना तर ती भुरळ घालतेच. माझं मत विचाराल तर पहिला कॅन अप्रतिम, दुसरा नको. 473 मिलिलिटर आणि 8 टक्के. एक कॅन म्हणजे पेल एलच्या जवळजवळ दोन बाटल्या. गाडी चालवायची असेल तर हा हिशोब आधी करायचा.

मालकीचा वाद थोडक्यात. बेल्स 2021 मध्ये लायन कंपनीने, म्हणजे पर्यायाने जपानच्या किरिनने, घेतली. सिएरा नेव्हाडा अजून ग्रॉसमन कुटुंबाकडे आहे. काही मित्रांनी त्या दिवसापासून टू हार्टेड सोडली. मिसळवाल्याच्या गल्ल्यावर नवा माणूस दिसला की तर्री पातळ झाली असं म्हणणारे आपल्याकडेही असतात. मला चवीत फरक जाणवलेला नाही. पैसा कोणाच्या खिशात जावा हे मात्र ज्याने त्याने ठरवावं, आणि त्या निकषावर पेल एल जिंकते.

नावापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तारीख. हॉप्सचा वास कोथिंबिरीसारखा असतो, दिवसागणिक उतरतो. नव्याने आलो होतो तेव्हा एका दुकानातून मोठ्या ऐटीत एक महागडी आयपीए आणली. चव ओल्या पुठ्ठ्याची. कॅन उलटा केला तर आठ महिन्यांपूर्वीचा, आणि तोही खिडकीजवळच्या उबदार फळीवरचा. तेव्हापासून नियम केला: फ्रीजमधलीच घ्यायची, दोन-तीन महिन्यांच्या आतली. प्लायनीच्या लेबलवरही साठवू नका, ताजी प्या, असं तऱ्हेतऱ्हेने बजावलेलं आहे. दूरवरून आलेल्या शिळ्या प्लायनीपेक्षा शेजारच्या राज्यातली दहा दिवसांची टू हार्टेड कधीही सरस. म्हणून कॅलिफोर्नियात असाल तर प्लायनी, व्हर्माँटला पानगळ बघायला जाल तेव्हा हेडी, इथे मिडवेस्टात टू हार्टेड, आणि कुठल्याही अनोळखी गावात सिएरा नेव्हाडा.

जेवणाबरोबरचं एक सांगायचं राहिलं. तिखटाशी डबल आयपीए लावू नका. दारू आणि कडवटपणा मिळून मिरचीची आग वाढवतात. मटणाच्या रश्शाबरोबर पेल एलच बरी. टू हार्टेडला तळलेलं मानवतं: कोथिंबीर वडी, बटाटेवडा, कांदाभजी.

भाच्याला शेवटी म्हटलं, बाबा, टू हार्टेडचा सहाचा पॅक घे आणि घरी जा. रात्री साडेनऊला त्याचा फोटो आला. ग्लास नाही, लेबल नाही, नुसतं कॅनचं बूड. तारीख अकरा दिवसांपूर्वीची. खाली एकच ओळ: "मामा, भज्यांचं पीठ किती पातळ ठेवायचं?"