खांदा आंबला म्हणून सिनसेकडे गेले

फेब्रुवारीत एका सकाळी डावा हात मागे जाईना. आधी वाटलं, रात्री अवघडला असेल. आठवड्याने ब्लाउजचा हूक, मग मंगळसूत्राचा फासा, मग स्वयंपाकघरातली दुसरी फळी, असं एकेक हातातून जायला लागलं. इथे सिंगापुरात पॉलिक्लिनिकच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या, डॉक्टरांनी हात दोनदा फिरवून बघितला आणि सांगितलं, फ्रोझन शोल्डर. चाळिशी-पन्नाशीत होतो, बायकांना जास्त होतो, थायरॉइड आणि शुगरवाल्यांना तर फारच. मला आठ वर्षं थायरॉइडची गोळी आहे, म्हणजे आमंत्रणपत्रिका आधीच गेलेली. "एक-दोन वर्षांत सुटेल," असं ते अशा सुरात म्हणाले, जसं काही पुढची बस दोन मिनिटांत येतेय.

सोलापूरला फोन केला तर आईचं निदान तयार होतं. "अगं, वारं बसलंय खांद्यावर. एसीत झोपू नकोस."

फिजिओथेरपी सुरू केली. पण रात्री त्या कुशीवर वळलं की कळ मस्तकात जायची. दीड महिना झोपेचं खोबरं झाल्यावर आमच्या ब्लॉकखालच्या सिनसेची पाटी दिसायला लागली. म्हणजे पाटी सतरा वर्षं तिथेच आहे, मला आत्ता दिसली. सिनसे म्हणजे इकडच्या बोलीत चिनी वैद्य. औषधाच्या दुकानात मागच्या बाजूला एक खोली, पुढे काउंटरवर सुकवलेल्या मुळ्या आणि बरण्या. सिंगापुरात हा काही चोरीछुपे चालणारा धंदा नाही. २००० साली त्यासाठी कायदा झाला आणि सुया टोचणाऱ्यालाही नोंदणी लागते. मी हिशेबनीस बाई. नाव सरकारी यादीत शोधलं, सापडलं, मगच नंबर लावला. दुकानाचं नाव मात्र इथे देणार नाही. का ते पुढे कळेल.

काउंटरवरची मुलगी मला "आंटी" म्हणाली. मी एकोणपन्नासची आहे. असो.

सिनसे पस्तिशीचा, चष्मेवाला, नानजिंगला शिकून आलेला. त्याने आधी मनगट मागितलं. तीन बोटं ठेवून डोळे मिटून बसला, मग दुसरं मनगट. मला एकदम लहानपणी पाहिलेले आमच्या पेठेतले वैद्य आठवले, तीच तीन बोटं, तसेच मिटलेले डोळे. नंतर "जीभ बघू." जिभेच्या कडेला दातांच्या खुणा उमटल्या होत्या, त्या त्याने मला आरशात दाखवल्या. थंड पाणी पिता का? सॅलड खाता का? झोपताना खांदा उघडा असतो का? पोट साफ? पाळी चालू आहे का, दिवस तर गेले नाहीत ना? हा शेवटचा प्रश्न सौजन्याचा नव्हता. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या जागेला ते 'हगू' म्हणतात, आणि गरोदर बाईला तिथे सुई घालायची नाही असा त्यांचा जुना नेम आहे.

निकाल असा की अंगात ओल आहे आणि खांद्यात वारं शिरलंय. मी हसले. त्याला वाटलं मी टिंगल करतेय. मग सांगितलं, बाबा रे, माझी आई सोलापुरातून हेच म्हणते, आणि तीही एसीलाच शिव्या घालते. तोही हसला. चिनी भाषेत या दुखण्याला 'पन्नाशीचा खांदा' म्हणतात, हेही त्याने सांगितलं. एका वर्षाने तरी लहान आहे म्हणायचं.

आता सुया. मला इंजेक्शनची भीती वाटते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. एकेक सुई वेगळ्या पाकिटात, माझ्यासमोर फोडली, वापरून झाली की पिवळ्या डब्यात. जाडी पाव मिलिमीटर. इंजेक्शनची सुई पोकळ असते म्हणून तिला जाड असावं लागतं, ही भरीव आणि केसासारखी, वाकवली तर वाकते. ती एका बारीक प्लास्टिकच्या नळीत असते. नळी कातडीवर टेकवायची, वर आलेल्या टोकावर बोटाने टिचकी मारायची, नळी काढून घ्यायची. टिचकीचाच आवाज येतो, टोचणं कळतही नाही. जागा शोधायला तो माझ्याच अंगठ्याच्या रुंदीने मोजत होता. प्रत्येकाचं माप त्याच्या त्याच्या अंगाचं, आपल्या अंगुळासारखं.

मग त्याने सुई चिमटीत धरून थोडी आत ढकलली, फिरवली, आणि विचारलं, "आंबट?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा तेच. "आंबट? बधिर? जड? फुगल्यासारखं?" इकडचे चिनी लोक इंग्रजी बोलताना सरळ 'सावर' म्हणतात, कारण त्यांच्या भाषेत आंबटाला आणि अंगातल्या त्या खोल ठणक्याला एकच शब्द आहे, 'स्वान'. इंग्रजी बोलणारा माणूस इथे गोंधळून जातो. मला एक क्षणही लागला नाही. आपण नाही का म्हणत, दिवसभर धुणी धुऊन अंग आंबलं, चालून चालून पाय आंबले? पॉलिक्लिनिकमध्ये मला एक ते दहात वेदनेचा आकडा विचारत होते आणि मी दर वेळी पाच-सहा काहीतरी ठोकून देत होते. माझा खांदा पाच किंवा सहा नव्हताच. तो आंबलेला होता. दीड महिन्यात पहिल्यांदा कुणीतरी बरोबर शब्द विचारला, आणि तोही चिनी माणसाने.

"हो," म्हटलं, "आंबला." कोपरापासून खांद्यापर्यंत एक जड, मंद कळ चढत गेली. दुखतं म्हणावं तर तसं नाही, सोडवत नाही असं काहीतरी. याला ते 'छी', म्हणजे अंगातली प्राणशक्ती, 'आली' म्हणतात आणि ती येईपर्यंत सुई फिरवत राहतात.

सगळ्यात चक्रावणारी सुई मात्र खांद्यात नव्हतीच. ती होती नडगीच्या बाहेरच्या अंगाला, गुडघा आणि घोट्याच्या बरोबर मध्ये. मला खुर्चीत बसवलं, पायात सुई घातली आणि म्हणाला, आता हात वर करा. पायातली सुई तो फिरवतोय आणि मी हात वर करतेय, कळसूत्री बाहुलीसारखी. हात खरंच वर गेला, नेहमीपेक्षा चांगला वीतभर. आता हे सुईमुळे, की समोर कुणी "अजून, अजून" म्हणतंय म्हणून, की पायातल्या कळीमुळे खांद्याकडे लक्षच राहिलं नाही म्हणून? मला वाटतं तिसरं. पण वीतभर गेला हे खरं.

त्यानंतर पडद्याआड उजव्या कुशीवर वीस मिनिटं. वरून तांबडा गरम दिवा, पलीकडच्या पडद्याआड कुणी काका मनसोक्त घोरत होते. सुया असताना हलायचं नाही आणि नेमकी तेव्हाच नाकाला खाज सुटते. टायमर वाजला. कुणी आलं नाही. मी घड्याळात बघत होते, पुरी आठ मिनिटं. मग मुलगी धावत आली, भराभर सुया काढल्या, कापूस दाबला, थँक्यू आंटी.

घरी लिफ्टमध्ये केसांना चाप लावायला गेले तर मानेशी बोटाला काहीतरी लागलं. सुई. केसांच्या आत, मानेच्या खळग्यात, मुठीसकट तशीच उभी. अकरा घातल्या होत्या, हे मी मोजलं होतं. काढताना मोजल्या नाहीत, ही माझी चूक. पण मोजणं माझं काम नाही ना! तशीच परत खाली गेले. सिनसेचा चेहरा पांढरा पडला. त्याने स्वतः काढली, तपासलं, तीनदा माफी मागितली, आणि काउंटरने दहा डॉलर कमी केले. काही झालं नाही, रक्ताचा थेंबही नाही. तरी त्या जागी छातीवरची किंवा बरगडीजवळची सुई असती आणि मी तशीच घरी जाऊन आडवी झाले असते तर? फुप्फुसाला भोक पडण्याचे प्रकार क्वचित का होईना, होतात. पुढच्या वेळेपासून मी आणि तो दोघं मिळून मोठ्याने मोजायचो. ई, अर्, सान. मला अकरापर्यंत चिनी आकडे येतात ते असे.

दुसऱ्या खेपेला त्याने खांद्याजवळ एक विडीसारखी जाड कांडी पेटवून धरली. धूर आला आणि मी म्हटलं, हा वास ओळखीचा आहे. पान कसलं म्हणून विचारलं, फोनवर चित्र पाहिलं. आपल्या दवण्याचं भावंड निघालं, एकाच कुळातलं. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा, फक्त इकडचे त्याला सुकवून, कुटून, कापसासारखा करून जाळतात. ऊब छान होती. कुर्त्याला वास तीन धुण्यांत गेला.

तिसऱ्या खेपेला तुंबड्या. हो, त्याच, आपल्याकडे गावोगाव फिरून लावायचे त्या. इथे काचेच्या. आत जाळ फिरवून पाठीवर चिकटवतात, कातडी आत ओढली जाते. पाठीवर पाच जांभळे गोळे उमटले आणि शनिवारी महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम! नवरा म्हणाला, चहाचे कप ठेवलेत का कुणी? त्या तुंबड्यांचे तीस डॉलर वेगळे. तुंबड्या भरणे हा वाक्प्रचार कुठून आला असेल, ते पावती बघून कळलं. खांद्याला त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. मी परत घेणार नाही.

आणि औषध. सात दिवसांच्या भुकटीच्या पुड्या, दिवसातून दोनदा गरम पाण्यात. पुडीवरची यादी मुलाकडून वाचून घेतली (तो शाळेत चिनी शिकतो, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा उपयोग झाला). पाच-सहा नावं अनोळखी. बाकी हळद, आलं, ज्येष्ठमध. सतरा डॉलरला! सासूबाईंना सांगितलं नाही. पण ज्येष्ठमधाशी मी अडखळले. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि ज्येष्ठमध रोज पोटात गेला तर दाब चढतो, हे मला आधीपासून ठाऊक होतं. आधीपासून कुठली औषधं घेता, हे सिनसेने विचारलंच नव्हतं. जीभ बघितली, थंड पाण्याची चौकशी केली, आणि हे राहिलं. माझा खरा राग यावर आहे, राहिलेल्या सुईपेक्षाही. नैसर्गिक म्हणून निर्धोक असं काही नसतं. नव्वदच्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांत चुकीची चिनी वनस्पती गेली आणि कितीतरी बायकांची मूत्रपिंडं कायमची गेली. मी दोन दिवस घेऊन पुड्या बंद केल्या, त्याला सांगितलं. त्याने वाद घातला नाही, वहीत लिहून घेतलं.

चौथ्या खेपेला गप्पांत गाव निघालं. सोलापूर म्हटल्यावर त्याला काही कळेना. मग मी म्हटलं, कोटणीस. तेही कळेना. फोनवर शोधून दाखवलं, तर एकदम उभाच राहिला. "ख दीह्वा!" चीनमध्ये शिकलेल्याला ते नाव माहीत असणारच. १९३८ साली आपल्याकडून पाच डॉक्टरांचं पथक युद्धातल्या जखमींच्या मदतीला चीनला गेलं, त्यातले आमचे सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस तिकडेच १९४२ साली, बत्तिसाव्या वर्षी वारले. अ‍ॅक्युपंक्चर त्यांनी भारतात आणलं असं आमच्याकडे कुणीकुणी सांगतं, ते बरोबर नाही. ते शल्यविशारद. सुया आणल्या त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी, पुढे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस परत चीनला जाऊन शिकून. त्या दिवशी सिनसेने पैसे घ्यायला नको म्हटलं. मी दिले. गाववाल्याच्या नावावर फुकट सुया नकोत.

आता हिशेब. फिजिओने भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम दिला होता, मी तिथे पेन्सिलीने खुणा केल्या. पहिल्या खेपेआधी डावा हात १३४ सेंटिमीटरवर थांबायचा, सहा खेपांनंतर १५१. उजवा १९३ ला पोचतो. म्हणजे सतरा सेंटिमीटर मिळाले, पण त्यात सुयांचे किती आणि रोजच्या व्यायामाचे किती, हे सांगायला मला दुसरा डावा खांदा लागेल. झोप मात्र दुसऱ्या खेपेपासून सुधारली. आता त्या कुशीवर वळलं तरी जाग येत नाही.

मला आकड्यांची खोड म्हणून शोधलं. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठा प्रयोग झाला होता, २००७ साली छापला. सहा महिन्यांनी खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना आराम होता. भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२. नेहमीच्या उपचारांवर २७.४. म्हणजे सुई कुठे टोचली याने फारसं बिघडत नाही, टोचली याने बराच फरक पडतो. सिनसेला हे सांगितलं. तो म्हणाला, भलती जागा असं शरीरात काही नसतं. उत्तर पटलं नाही, आवडलं.

सुयांची एक खेप पंचेचाळीस डॉलर, पुड्यांसकट बासष्ट, आपले साधारण चार हजार रुपये. सुया आणि सिनसेचा हात: पाचातले चार. औषधपुड्या: एक. तुंबड्या: शून्य. काउंटरची शिस्त: दीड, आणि तो दीडही माफी नीट मागितली म्हणून. मी महिन्यातून दोनदा जाते अजून, फिजिओ न सोडता. महाराष्ट्रात करून बघणार असाल तर तिकडेही आता अ‍ॅक्युपंक्चरचा वेगळा कायदा आणि परिषद आहे, नोंदणी विचारायला लाजू नका. चालू असलेल्या गोळ्यांची यादी त्याने विचारायच्या आत टेबलावर ठेवा. रिकाम्या पोटी जाऊ नका, चक्कर येते. सैल बाह्यांचा कुर्ता घाला. आणि निघताना केसांतून एकदा हात फिरवा.