तीन नोडचं क्लस्टर: एकेक सर्व्हर बदलायचा की शेजारी नवं उभं करायचं?

महापेला आमचं तीन नोडचं (म्हणजे एकत्र जोडलेले तीन सर्व्हर) प्रॉक्समॉक्स आहे, एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर; स्टोरेज सेफवर, ते डेटाच्या कॉपी सगळ्या नोडच्या डिस्कवर वाटून ठेवतं. ऐरोलीचा मित्र आता सर्व्हर बदलायला निघालाय, तर त्याला चहाच्या टपरीवर जे सांगितलं तेच इथे टाकतो.

एकेक नोड बदलणं स्वस्त पडतं, व्हीएम लाईव्ह मायग्रेट करत (बंद न करता दुसऱ्या नोडवर हलवत) गेलात तर युजरला पत्ताही लागत नाही. पण लोक जुना आधी काढतात आणि तिथेच मार खातात. डेटाच्या तीन कॉपी, एक नोड गेला की उरल्या दोन, मिन साईझ 2 (निदान दोन कॉपी हव्यातच) असल्यामुळे गाडी चालू राहते खरी, पण नेमकी तेव्हाच उरलेल्यांतली एखादी डिस्क बसली तर त्या डिस्कवरच्या डेटाचं रीड-राईट लटकतं. म्हणून चौथा नवा आधी जोडा, सेफला डेटा हलवू द्या, हेल्थ ओके दिसलं की मगच जुन्याला हात लावा. वेळ खातं, पण झोप लागते.

जुन्या डिस्क नव्या चेसिसमध्ये टाकणं सगळ्यात फास्ट. चार-पाच नोड असतील तर आधी नोआऊट (बंद डिस्क बाद धरू नको, असं सेफला सांगणारं सेटिंग) लावा, नाहीतर 600 सेकंदांनी सेफ त्या डिस्क आऊट धरून डेटाची हलवाहलव सुरू करतं. मी हे केलंय. रात्री दोन वाजता नव्या बोर्डवर नेटवर्क कार्डाचं नाव बदललं, ईएनपी3 चं ईएनपी4 झालं, ब्रिज (व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा दुवा) काही वर येईना, मग चाकाच्या ट्रॉलीवरचा मॉनिटर ओढत आणला आणि एसीच्या झोतात कुडकुडत फाईलमधला तो एक आकडा बदलला.

शेजारी अख्खं नवं क्लस्टर म्हणजे रॅकचं भाडं आणि वीज काही दिवस डबल. तरी इंटेलवरून एएमडीवर जाणार असाल तर मी हेच घेईन, कारण तिथे लाईव्ह मायग्रेशनवर भरवसा नाही, व्हीएम बंद-चालू करावेच लागतात, मग निदान रंगीत तालीम तरी करता येते. डेटाबेसचं रेप्लिकेशन (जुन्यावरून नव्यावर सतत कॉपी) आधीपासून चालू ठेवा, डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा) आदल्या दिवशीच 300 वर आणा, म्हणजे बंद काही मिनिटांचंच. फक्त नव्यावर राईट पडायला लागले की मागे फिरणं सोपं नसतं, उलटं रेप्लिकेशन लावलं नसेल तर विसराच.

मित्राचे सगळे इंटेलच, त्यामुळे चौथा नोडवालाच मार्ग. अडचण एवढीच की रॅकमध्ये 1यू (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप) मोकळा आणि नवा सर्व्हर 2यूचा. आता आधी जुना बॅकअप सर्व्हर निघतोय, त्याचा सिरीयल नंबर गेटपासवर चढवायला सांगितलाय.